मोठ्या काट्याचं मीटर

तापलेल्या ऑइलचा वास आला, की बजाजनगरातलं एक गॅरेज आठवतं. वडिलांच्या जुन्या मोटारीला ऑइलचा दाब आणि इंजिनाची गरमी दाखवणारी मीटरं बसवायची होती. मी डिजिटल दाखवली, तर त्यांनी मोठ्या काट्याची उचलली. "आजवर तर नुसत्या आवाजावर इंजिन ओळखलंत," मी हसून म्हणालो. ते मीटरच न्याहाळत राहिले. गॅरेजच्या मिस्त्रीचाचांनी तेच मोठ्यानं सांगितलं, तेव्हा काचेवरून अंगठा फिरवत वडील म्हणाले, "आता आवाजच येत नाय. लई दिवस झाले." चाचा त्यांच्या कानाशी वाकले, "काटा दिखता ना भाईजान? फिर बस!" वडील हसले. मला मात्र हसता आलं नाही. ते माझं बोलणं मुद्दाम कानाआड करतात, असं समजून मी कित्येक महिने रुसलो होतो. हल्ली मी त्यांच्यासमोर बसूनच बोलतो.