डावीकडचा ब्रेक

ताईचा उजवा पाय कधी स्वस्थ नसायचा. पिरंगुटच्या नाक्यावर चहा पीत आम्ही बाकावर बसलेल्या असू, समोरून खडीचा डंपर यायचा आणि नेमका त्याच वेळी गल्लीतून एखादा दुचाकीवाला मान न वळवता रस्त्यावर यायचा. ताई बोलत असायची, पण तिचा पाय जमिनीवर दाबला जायचा. चप्पल मातीत घासायची, हातातला चहा हिंदकळायचा. डंपर आणि दुचाकी आपापल्या वाटेने गेले की ती पायाकडे बघून हसायची.

"हितनं ब्रेक लागत न्हाई, ठावं हाय मला. पन पाय ऐकत न्हाई."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तुम्ही कधी बसला असाल, तर डावीकडच्या सीटसमोर बसवलेला तो जादा ब्रेक पाहिला असेल. शिकणारा उजवीकडे बसून घाम गाळतो, शिकवणारा डावीकडे बसून गाडी वाचवतो. ताई पिरंगुटच्या एका लहानशा स्कूलमध्ये शिकवायची. तिचं आयुष्य त्या डावीकडच्या ब्रेकवर पाय ठेवण्यात चाललं होतं, आणि बाकी जगात कुठेच तो ब्रेक नव्हता. रिक्षात बसली तरी तिचा पाय दाबायचा. एसटीत खिडकीशी बसली तरी दाबायचा.

मी तिच्याकडे गेले ते पन्नाशीत. लवळ्याला कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, रिक्षासाठी रोजची ताटकळ, आणि दारात आमच्या ह्यांची गाडी. त्यांनी मला शिकवायचा प्रयत्न एकदाच केला. भूगाव येईपर्यंत आमचं बोलणं बंद झालं होतं, आणि तिथून मी गाडी आणि नवरा दोघांनाही रस्त्याच्या कडेला सोडून रिक्षाने घरी आले. दुसऱ्या दिवशी मी स्कूलमध्ये नाव घातलं.

ताई माझ्याहून बरीच लहान. अंगाने किरकोळ, ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली. पहिल्या दिवशी मी स्टेअरिंग असं काही धरलं होतं, जणू कुणी ते पळवून नेणार आहे. डॅशबोर्डवर अंगठ्याएवढी पांढरी बुद्धमूर्ती चिकटवलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून ताई म्हणाली, "खांदं बघा त्यांचं मॅडम. तसं बसा." मी प्रयत्न केला. खांदे खाली आले, पण भुवया वर गेल्या.

तिच्या गाडीत बसलं की आधी पट्टा, मग आरसे, मग फोन समोरच्या ड्रॉवरमध्ये. एकदा भुकूमजवळ ड्रॉवरमध्ये माझा फोन वाजायला लागला. माझा हात आपोआप तिकडे गेला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध जागच्या जागी थांबली. ताईने ब्रेक दाबला होता. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला.

"घ्या फोन," ती शांतपणे म्हणाली. "बोला निवांत. मागच्यान्ला वाजवू द्या."

फोन ह्यांचा होता. चहाचा डबा कुठे आहे, हे विचारायला.

"आता ह्या डब्यापायी कोन मेलं असतं ते सांगा," ताई म्हणाली, आणि तिने ब्रेक सोडला. त्या दिवसापासून आमच्या घरात चहाचा डबा ओट्यावर समोर असतो.

तिला सर्वात जास्त राग सळया नेणाऱ्या टेम्पोंचा. सळया मागे हातभर बाहेर, टोकाला लाल चिंधी, आणि आमच्यासारखे लोक त्या चिंधीला नाक लावून गाडी चालवणार. मी जवळ गेले की ताईचं ठरलेलं वाक्य यायचं. "पुढच्याचं काय खरं हाय? त्याला शिंक आली तरी तो थांबंल. तुमाला थांबाया जागा नको व्हय?" पिरंगुटच्या घाटात उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे तिला दुरून ओळखू यायचे. आपण मात्र "इंजनाच्या हातात हात दिऊन" उतरायचं, दुसऱ्या गिअरमध्ये. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो, त्यावर ब्रेक मारायचा नाही, चिखल दिसायच्या आधीच हळू व्हायचं. शनिवारी ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्या वळणावर ओव्हरटेक करायच्या, काचेतून अर्धं अंग बाहेर काढलेली पोरं ओरडत जायची. ताईचा पाय आमच्या ब्रेकवर दाबला जायचा, आणि आम्ही काहीएक चूक न करता थांबायचो.

"कुनाला घाई हाय? गाडीला तर न्हाई," ती त्या गाड्यांकडे बघून म्हणायची.

एकदा नाक्यावर तिचाच एक जुना विद्यार्थी समोरून गाडी चालवत आला. एका हाताने फोन कानाला लावलेला. ताईला पाहून त्याने दुसरा हात उचलून आदराने नमस्कार केला. मग स्टेअरिंग कोणाच्या हातात होतं, हे तुम्हीच ठरवा. मी हसत सुटले. ताई हसली नाही.

"पंधरवडाभर कानीकपाळी ओरडले, मॅडम. ह्याच हातानं त्यानं फोन ड्रॉवरात ठेवला व्हता," ती म्हणाली. "पन त्याच्या गाडीत माझा ब्रेक न्हाई ना."

तिचा स्वतःचा फोनही ड्रॉवरमध्ये असायचा, पण ड्रॉवर जरासा उघडा ठेवलेला. त्याचं कारण मला नंतर कळलं. तिचा नवरा हिंजवडीला कंपनीच्या माणसांची कॅब चालवायचा. रात्रभर माणसं घरोघरी सोडायची, आणि बदली ड्रायव्हर आला नाही की त्याच जागरणावर दुसरी पाळी ओढायची. दोघांचाच संसार होता. शेवटचा माणूस सोडून झाला, गाडी घोटावड्याला मालकाच्या आवारात लागली, की तो ताईला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, की कट. ताईने उचलायचा नाही. माझ्या शिकवणीच्या मध्येच कधीतरी ती रिंग वाजायची, आणि ताई ड्रॉवर बंद करायची. रिंग वाजायच्या आधी तिचा ब्रेक उगाचच लागतो आणि नंतर लागत नाही, हे माझ्या चार दिवसांत ध्यानात आलं.

"ह्यान्ला सगळं येतं मॅडम. माझ्यापेक्षा भारी चालवत्यात," ती एकदा म्हणाली. "पन झोप कुनाचं ऐकती? तिला शिकवता येत न्हाई. मी एवढंच सांगितलंय, डोळा जड झाला की गाडी कडेला लावायची. मालक बोंबलू दे."

एका सकाळी ती रिंग वाजलीच नाही. आम्ही लवळ्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो, ताईचा ब्रेक सारखा लागत होता. शेवटी तिने मला गाडी कडेला घ्यायला लावली आणि फोन काढून मांडीवर ठेवला.

"करा ना फोन," मी म्हणाले.

"करू कसा? चालवत असले तर उचलत्याल ते. माझा फोन म्हनल्यावर उचलत्यालच."

"मग नका करू."

"आन झोप लागली असली तर? फोननं जाग तरी येईल." तिचं बोट बटणावर होतं आणि ते खाली जात नव्हतं. इतरांना ती किती सहज सांगायची, गाडी चालवणाऱ्याला फोन करू नका, त्याच्या घरच्यांनी तरी करू नका. मी गाडी सुरू केली आणि विचारलं, घोटावड्याच्या रस्त्याने जाऊ या का. तिने नुसती मान हलवली.

पांढरी कॅब आम्हाला दिसली ती एका वडाखाली. रस्त्यापासून पार बाजूला, चारही दिवे लुकलुकत होते. सीट मागे टाकून तो तोंड उघडं ठेवून गाढ झोपला होता. फोन बंद पडलेला. ताई काचेशी उभी राहिली. मला वाटलं, आता ही काचेवर धाडधाड हात मारणार. तिने हात लावला नाही. तिथल्याच दगडावर बसून राहिली. मला ऑफिसला उशीर होत होता आणि ते मला सांगवेना. बऱ्याच वेळाने तो आपणहून जागा झाला, तिला पाहून दचकला.

"तूच म्हंतीस ना, डोळा जड झाला की कडेला लाव," तो म्हणाला. "लावली."

ताई हसता हसता रडायला लागली. परत येताना तिचा पाय एकदाही ब्रेकवर गेला नाही, आणि ऑफिसला दांडी मारून मी त्या दिवशी पहिल्यांदा चांदणी चौकापर्यंत गाडी नेऊन आणली.

मला लायसन्स मिळालं. मी लवळ्याला गाडीने जायला लागले. नाक्यावर ताई दिसली की मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून फक्त मान हलवायची. ती लांबूनच हात उंचावून शाबासकी द्यायची. मला त्या शाबासकीचं फार होतं.

मग ती सकाळ आली. घोटावड्याच्या त्याच रस्त्यावर, वडाच्या थोडं अलीकडे, ताईच्या नवऱ्याला पुन्हा झोप आली आणि त्याने पुन्हा गाडी कडेला लावली. दिवे लुकलुकत ठेवले. तिथे रस्ता अरुंद होता, गाडी पुरती आत जात नव्हती. मागून एक मोटार सरळ येऊन तिच्यावर आदळली. चालवणारा मुलगाही रात्रपाळी करून घरी निघालेला. त्याचा डोळा लागला होता का, हे त्यालाही सांगता येईना. त्याचा हात मोडला. ताईचा नवरा झोपेतच गेला.

मी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले. काय बोलायचं असतं अशा वेळी? आपण सगळेच अशा घरात जाऊन बसलेलो असतो आणि आपल्याला काही येत नसतं.

"कडेला लाव म्हनून मीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"तुमचं काहीच चुकलं नाही, ताई."

"तेच तर. ह्यांचं बी न्हाई चुकलं. कुनाचं चुकलं असतं तर त्याला शिकवलं तरी असतं."

काही दिवसांनी ती पुन्हा कामावर आली. शिकवण्यात एकच बदल केला होता. आता ती प्रत्येकाला सांगायची, "झोप आली तर कडेला न्हाई लावायची. पंपावर लावा, न्हाई तर हाटेलाच्या आवारात. रस्त्यापासनं पार आत." आवाज न चढवता सांगायची, आणि सांगून झालं की बाहेर बघायची. पण शिकणाऱ्यांची तक्रार यायला लागली. गाडी पुढे जाईना. समोर रस्ता मोकळा असला तरी ताईचा ब्रेक लागलेला. इंजिन घुसमटून बंद पडायचं. स्कूलचा मालक भला माणूस, त्याने थोडी सुट्टी घे म्हणून सांगितलं. ताईने कामच सोडलं.

"माझा पाय उचलंना मॅडम," तिने मला फोनवर सांगितलं. "म्या लई सांगितलं त्याला."

तिचं माहेर पौडच्या पुढे, धरणाच्या पलीकडच्या अंगाला. तिथे भावाकडे राहायला जायचं तिने ठरवलं. मी म्हणाले, एसटीने नाही जायचं, मी सोडते. तिने नको म्हटलं नाही. रविवार होता. तिच्या दोन पिशव्या मी मागच्या सीटवर ठेवल्या. ती डावीकडे बसली, आणि बसल्या बसल्या तिने पट्टा ओढून लावला. तो खट्‌ आवाज ऐकून मला बरं वाटलं. मी माझा फोन तिच्या देखत ड्रॉवरमध्ये टाकला.

मी गाडी चालवत होते तशी कधीच चालवली नव्हती. आरसे बघत, गिअर वेळेवर बदलत, खांदे सैल. खरं सांगायचं तर परीक्षा देत होते. पौडच्या अलीकडे एका मोटारसायकलवाल्याने गाडी आडवी घातली. मी ब्रेक दाबला, दोघी पुढे झुकलो. मी तिच्या पायाकडे पाहिलं. तो मॅटवर होता तसाच होता. पौड सोडल्यावर वळणावर एक गाडी सरळ आमच्या अंगावर आली आणि शेवटच्या क्षणी आत वळली. ताईचा पाय हलला नाही.

पुढे चढावर सळयांचा टेम्पो लागला. धूर सोडत, रखडत चाललेला. टोकाला लाल चिंधी. मी अंतर सोडायला हवं होतं. मी सोडलं नाही. मी जवळ गेले, मग आणखी जवळ गेले. चिंधीचा फाटका काठ दिसायला लागला. ती आता म्हणेल, पुढच्याचं काय खरं हाय. निदान तिचा पाय तरी दाबेल. माझ्या गाडीत तिचा ब्रेक नव्हता, पण तो तर कुठेच नसायचा, आणि तरी ती दाबायची.

ताई काचेतून भाताची खाचरं बघत होती. मांडीवर ओढणीचं टोक, पायात तीच चप्पल. उजवा पाय मॅटवर सपाट पडलेला, कुणी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा.

मी माझा ब्रेक दाबला आणि टेम्पोला पुढे जाऊ दिलं.