मुठीतली पोकळी

नव्या शाळूचं पीठ गरम पाण्यात भिजवताना जो एक कोवळा, किंचित गोडसर, दुधाळ वास उठतो, तो मला साठी उलटल्यानंतर पहिल्यांदा कळला. तोवर मी भाकरीचा वास ताटात आल्यावरच घेत आलो होतो. पिठाचा वास, ओल्या परातीचा वास, तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवताना उठणाऱ्या वाफेचा वास, हे सगळे माझ्या बायकोच्या, शोभाच्या मालकीचे होते, आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात माझ्यासारख्या निवृत्त मराठीच्या मास्तराला स्वतःचा कप विसळण्यापलीकडे काही अधिकार नव्हता. यंदाच्या फाल्गुनात तो अधिकार मला मिळाला, आणि मिळाला तो नको त्या वाटेने.

शोभाचा डावा स्तन काढून टाकला होता. हे वाक्य मी आता सरळ लिहून गेलो खरा, पण तेव्हा ते उच्चारायचं बळ आमच्या घरात कुणालाच नव्हतं. फोनवर आम्ही 'ऑपरेशन' म्हणायचो, शेजारीपाजारी 'गाठ' म्हणायचे, आणि शोभा नुसतंच 'ते' म्हणायची. तिचा डावा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून परात माझ्याकडे आली. पुण्याहून लेक आली, राहिली, तिच्या मुलीची परीक्षा तोंडावर आली तशी डोळे पुसत परत गेली. मग घरात आम्ही दोघं उरलो, तिच्या माहेराहून मंगळवेढ्याकडून आलेलं ज्वारीचं पोतं उरलं, आणि शोभाच्या अंगाला जोडलेली ती नळी.

त्या नळीविषयी सांगायला हवं. काखेखालून बाहेर आलेली बारीकशी नळी, आणि तिच्या टोकाला लहान पेरूएवढा, आरपार दिसणारा, मऊ रबरी फुगा. फुग्याला वर एक बूच. आत साचलेलं पाणी बूच उघडून ओतून टाकायचं, मग फुगा मुठीत घट्ट दाबून त्यातली हवा पार घालवायची, आणि तसा दाबून धरलेला असतानाच बूच लावायचं. एवढंच काम. मग तो चेपलेला फुगा पुन्हा गोल होण्याची धडपड करत राहतो, आणि त्या धडपडीत आतल्या जखमेतलं पाणी हळूहळू स्वतःकडे ओढून घेतो. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी हे सगळं समजावून दिलं होतं. आत पोकळी झाली आहे, म्हणाल्या. वरच्या कातडीने आणि खालच्या छातीने आता एकमेकींना धरायचं आहे, मध्ये पाणी साचलं तर त्या धरणार नाहीत. जन्मभर मुलांच्या डोक्यात काही ना काही भरत राहण्याचा ज्याचा व्यवसाय, त्या मला ही गोष्ट मोठी नवलाची वाटली, की भरलेलं नव्हे, तर रिकामं केलेलं काहीतरी माणसाला आतून बरं करतं. मी भारावून दोन-चार प्रश्नही विचारले. शोभा मात्र खिडकीबाहेर पानं गाळून उभ्या असलेल्या कडुलिंबाकडे बघत होती.

"माझं मी करीन," एवढंच ती म्हणाली.

आणि ती करूही लागली. सकाळ-संध्याकाळ न्हाणीघरात जायची, आतून कडी घालायची. संसारात आम्ही भांडलो पुष्कळ, पण एकमेकांच्या तोंडावर कडी कधी घातली नव्हती. मी आपला बाहेर उंबऱ्याशी हातात टॉवेल घेऊन, दर्शनाच्या रांगेत अडकलेल्या माणसासारखा उभा. आत पाण्याचा आवाज, तांब्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. 'झालं का गं?' म्हटलं की 'झालं' यायचं, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून ती बाहेर पडायची. जुन्या सुती साडीच्या तुकड्याची एक पिशवी तिने एका हाताने शिवली होती, तीत तो फुगा ठेवून पदराआड वागवायची. कुणी भेटायला आलं की डावी बाजू भिंतीकडे येईल अशी बसायची. रात्री कूसही भिंतीकडेच. मला ती बाजू बघायची होती असं नव्हे. मला फक्त बाहेर उभं राहायचं नव्हतं. पण हे बोलायला शब्द सापडेनात, आणि म्हणे मराठीचा मास्तर.

दिवसाउजेडी मात्र आमचं बरं चालायचं, कारण मध्ये भाकरी होती. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ती बसायची आणि माझी शिकवणी घ्यायची. चाळीस पोरांच्या वर्गात कुणाची छाती झाली नसेल इतकं ती मला बोलायची. "आज कुठला देश केलाय?" असं माझ्या भाकरीच्या फाटलेल्या कडा बघून विचारायची, "तव्यावर टाका, टाका, हातात घिऊन काय आरती करताय तिची?" सकाळचं तिरपं ऊन परातीत उतरायचं, पिठाचे कण त्यात तरंगायचे, आणि मी घामाघूम होऊन ती चंद्रबिंबाकृती साधण्याचा निष्फळ यत्न करत राहायचो. माझी भाकरी फुगायची नाही, हे खरं दुखणं. शोभाच्या माहेरी, त्या काळ्याभोर जमिनीच्या मुलखात, पोरीच्या हातची भाकरी फुगली की ती शहाणी झाली असं धरतात, आणि शोभा अवघ्या जगाची पारख त्याच मापाने करत आली. बाळाचे गाल टम्म हवेत, उशी टम्म हवी, तांब्या टम्म भरलेला हवा. सपाट, चेपलेलं, खपाटीला गेलेलं असं काही तिला साहायचंच नाही.

आता मागे वळून बघताना वाटतं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं. पण ती पदराआडून पिशवी चाचपून म्हणायची, "बगा, कसा टम्म हाय. काम चाललंय त्याचं," आणि मला हायसं वाटायचं. पाणीही कमी कमी येतंय, असं ती सांगायची. आधी जास्वंदीसारखं लाल, मग डाळिंबाच्या रसासारखं, मग वाळल्या कडब्याच्या रंगाचं, आणि नंतर जवळजवळ काहीच नाही. जखम वाळत आली, असं आम्ही लेकीला मोठ्या उत्साहाने कळवलंसुद्धा.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी पडदा ओढला. मी अलीकडे. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. कातडीखाली पाणी साचलं होतं. सुईने ओढून काढावं लागलं. पडदा सरकवला तेव्हा त्यांच्या हातात तो फुगा होता, गोल गरगरीत, नुसत्या हवेने भरलेला. घरी हा कोण रिकामा करतं, त्यांनी विचारलं. दाबून का लावत नाही बूच? असा गोल ठेवला तर तो काहीएक ओढत नाही, शोभेचा राहतो. त्या रागावल्या नाहीत, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली: पुन्हा पाणी साचलं, त्यात पू झाला, तर जखम उघडावी लागेल, आणि पुढचे जे उपचार वेळेवर सुरू व्हायला हवेत ते लांबतील. ते लांबणं या आजारात परवडत नाही. "सर, तुम्ही लक्ष घाला," असं मला म्हणाल्या. शोभा पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी.

रिक्षाने परत निघालो. ऊन चढलं होतं, सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी डोळे दिपवत होतं, रस्त्याकडेला गाड्यावर द्राक्षांच्या राशी होत्या आणि वाऱ्यावर धुळीचा तो कोरडा, भाजका वास होता जो आमच्या गावाला फाल्गुन लागला की लागतो. मला राग आला होता. तिचा नव्हे, पण कुणाचा ते कळेना, म्हणून रिक्षावाल्यावर उगाच खेकसलो. घरी आल्यावर तिने चपला काढल्या, पलंगाच्या कडेला बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला म्हाईत हुतं दाबायचं असतंय ते. दाबवंना मला."

मी काही विचारायच्या आतच पुढे म्हणाली, "मुठीत दाबला की असा चपटा हुतो, आत जातो. बगवत न्हाय हो. एक सपाट झालंय तेवढं बास की. ह्याला तरी गोल ऱ्हाऊ दे वाटायचं."

न्हाणीघरातल्या त्या लांबलचक शांततेत ती काय करत होती ते मला तेव्हा दिसलं. कडी घालून, उजव्या तळहातावर तो फुगा घेऊन, त्याला पुन्हा गोल होऊ देऊन, हलकेच बूच लावत होती. जे गेलं ते परत येणार नव्हतं, म्हणून जे हातात होतं त्याला ती जपत होती. आणि त्या जपण्यापायीच आत पाणी चढत होतं. मी म्हणालो, मी दाबतो, तू डोळे मीट. तिने मान हलवली, नको. तुमाला दिसंल की, म्हणाली. त्या संध्याकाळी ती पुन्हा एकटीच आत गेली, कडी लागली, आणि मी बाहेर उभा राहून मुकाट्याने देवाला हात जोडले. त्याच्या आरत्यांतल्या व्याकरणाच्या चुकांखेरीज त्याच्याकडे याआधी मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. बाहेर आली तेव्हा पिशवी चाचपायचं धाडस मला झालं नाही. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कडक भाकरी खावीशी वाटली, दुधात कुस्करून. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी. पातळ थापायची, आणि मंद आचेवर फडक्याच्या बोळ्याने दाबत दाबत तिच्यातली सगळी हवा, सगळी ओल घालवायची. मी परात घेतली. आमच्या मागच्या लिंबालाही रातोरात तांबूस पालवी फुटली होती, खिडकीतून तिची कडवट, हिरवी झुळूक येत होती. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि काय सांगू, ती फुगली. एका कडेने उसासा घेतल्यासारखी उचलली आणि बघता बघता टम्म झाली, पुनवेच्या चंद्रासारखी. एवढ्या दिवसांच्या उमेदवारीनंतर पहिल्यांदा.

"दाबा तिला," शोभा खुर्चीतून म्हणाली. "कडक करायची हाय न्हवं? दाबा की."

मी फडकं हातात घेतलं आणि तसाच उभा राहिलो. "अगं, एवढ्या दिवसांनी एक फुगलीय," म्हणालो, "मला दाबवेना."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून निघून गेल्यावर मी जीभ चावली. शोभा माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसू लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली. हसताना टाके ओढले म्हणून उजवा हात छातीशी धरला, तरी थांबेना, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. मग उठली, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्या टम्म भाकरीवर ठेवलं. दाबलं. कडेतून वाफ फुस्सकन बाहेर पडली. ती दाबत राहिली, गोल गोल, कडेकडेने, जशी आयुष्यभर दाबत आली होती, आणि तसं करता करता तिचा हात सावकाश झाला. भाकरी सपाट झाली होती, तव्याला सगळीकडून टेकली होती, आणि खरपूस वास सुटला होता. बराच वेळ ती त्या भाकरीकडे बघत होती. मग गॅस बंद केला.

"चला," म्हणाली.

न्हाणीघराला कडी लागली नाही. झरोक्यातून ऊन येत होतं. तिने पदर बाजूला केला, भिंतीकडे तोंड केलं नाही, आणि मी पाहिलं. जे पाहिलं त्याचं वर्णन करायची मला गरज वाटत नाही. एक लांब, तिरपी, टाक्यांची रेघ होती, आणि ती शोभाच होती. मी पाणी ओतलं. फुगा मुठीत धरला, आणि ती माझ्या मुठीकडे बघत आहे हे जाणवून क्षणभर थबकलो, तेव्हा तिने आपला हात माझ्या मुठीवर ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून तो दाबला. मी बूच लावलं. दोघंही श्वास रोखून नळीकडे बघत राहिलो. आधी काही झालं नाही. मग नळीच्या वरच्या टोकाशी एक गव्हाळ थेंब दिसला, रेंगाळला, आणि खाली सरकू लागला. "आला की," शोभा कुजबुजली, आणि मला हुंदका फुटला तो मी आवरला नाही.

पुढे नळी निघाली. पुढचे उपचार सुरू झाले आहेत. केस जाणार आहेत, अन्नावरची वासना जाणार आहे, आणि त्यापुढचं डॉक्टरबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. मीही आता फारसं विचारत नाही. पूर्वी घरात शांतता पडली की ती कशानेतरी भरून काढायची मला घाई व्हायची. हल्ली मी ती राहू देतो. लिंब मोहरला आहे, सगळ्या पेठेवर त्याचा मंद, मधाळ वास पसरलेला असतो, आणि सकाळची शिकवणी चालूच आहे.

परवा तिने माझं पिठाने भरलेलं मनगट धरलं आणि तळहात आपल्या डाव्या बाजूवर ठेवला. "बगा बरं, धरलंय का."

कातडीने छातीला धरलं होतं. मध्ये पाणी नव्हतं, पोकळी नव्हती, काहीच नव्हतं. आणि काहीच नव्हतं म्हणून तळहाताखाली तिचं काळीज थेट लागत होतं, धडधडत, एवढ्या वर्षांच्या संसारात कधी लागलं नव्हतं इतकं जवळ. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येऊ लागला तरी मी हात काढला नाही, आणि शोभानेही काढा म्हटलं नाही.