आतून चिनी, वरून जर्मन

वलगावचे शेषराव जन्माचे संशयी. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून पाहायचे. देवळात जाताना एक चप्पल या दाराशी, दुसरी त्या दाराशी; चोराला जोड मिळू नये म्हणून.

बासष्टच्या हिवाळ्यात मात्र या संशयाला खरंखुरं काम मिळालं. पाच वर्षांची नात मैना जुलाबांनी पार काडी झाली होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं, "गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये." झालं! गव्हाची कोठी कुलपात आणि किल्ली शेषरावांच्या करगोट्याला. पोरीचे जुलाब थांबले, पण जेवणच थांबायची वेळ आली. शेजारच्या पोरींच्या हातात बेकरीचा रोल दिसला, की ती भाकरीचं ताट सरकवून द्यायची.

अशात सून वच्छला अकोल्याहून, माहेराहून परतली. दुसऱ्याच दुपारी परसात निखाऱ्यांवर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा चढला आणि भलताच गोड वास सुटला. शेषराव भिंतीला कान लावून उभे. वच्छला शेजारच्या चतुराबाईला सांगत होती, "आत दालचिनी घातली, गुंडाळी केली अन् जर्मनच्या डब्यात ठेवली. मामाजीले इतक्यात सांगू नोका."

चिनी! सीमेवर लढाई चाललेली, पारावरच्या रेडिओवर रोज तेच नाव. आणि इथं ते थेट डब्यात?

"आतून चिनी, वरून जर्मन!" शेषराव परसात उगवले. "घरात महायुद्ध करून राहिली काय वं?"

"अवो मामाजी, कलमी होय ते! रश्श्यात टाकतो ते. माहेरी शेजारी माणिकबाई नर्स हाये, साताऱ्याकडची. ते दालचिनी म्हनते तिले. हे रोल तिनंच शिकवले."

"मंग कलमी म्हन ना! अन् पीठ कायचं?"

"जवारीचं."

इथं शेषरावांमधला शेतकरी जागा झाला. "जवारीची गुंडाळी होते काय? मले शिकवतं? जवारी वाकत नाई, मोडते. हा गहूच होय!"

"उकड काढली जी. ओल्या फडक्यावर थापली, वरून गूळ-कलमी, अन् फडक्यासकट गुंडाळत नेली."

शेषरावांनी एक रोल उचलला आणि दोन्ही हातांनी ताणला. गहू असता तर लांबला असता. हा फसकन तुटला. निम्मा भुगा धोतरावर, निम्मा तोंडात.

"वरचा जवारीचा असंन. खालचा?" म्हणून त्यांनी खालचा खाल्ला. मग मधला.

"आबा," ताटली धरून बसलेली मैना म्हणाली, "माह्यासाठी ठेवसान काय?"

उरलेले दोन तिला मिळाले. तिनं ते खाल्ले, ताटली चाटली, बोटं चाटली. शेषराव मात्र तिच्यासमोरून हलेनात.

"पोट दुखते काय?"

"नाई."

"खरं सांग."

"तुमचंच दुखत असंन आबा. तुमी तीन खाल्ले."

तिचं काहीच दुखलं नाही. सकाळी उठली ती "रोल दे" म्हणतच. शेषराव लगोलग किराण्याच्या दुकानात गेले.

"पावशेर कलमी दे. अस्सल पाह्यजे." त्यांनी तुकडा हुंगला, चावला, उजेडात धरला.

दुकानदार हसला. "कायले जी एवढी दालचिनी?"

शेषरावांनी आधी मागं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"हळू बोल लेका," ते म्हणाले, "लढाई सुरू हाये!"