सीताफळांच्या टेकडीचं कुलूप

दिलसुखनगरच्या फुटपाथवर सीताफळं घेऊन बसलेल्या बाईने माझी ओढणीच धरली. मला वाटलं, भाव विचारून पुढे निघाले म्हणून चिडली असेल. पण तिने माझ्याकडे रोखून पाहत विचारलं, "अंगूठे लेके गए सो तुमीच ना?"

मीच होते. सिकंदराबादच्या ज्या संस्थेत मी नोकरी करते, तिच्याकडे एका सरकारी योजनेचं काम होतं. उजाड टेकड्यांवर चर खणायचे, झाडं जगवायची आणि त्यातून गावाला कमाई मिळवून द्यायची. या बाईच्या गावच्या टेकडीवर रानची सीताफळं होती. बायका ती उतरवून शहरात विकत. 'दोन पावसाळे टेकडी बंद ठेवा, मग फळं तुमचीच,' असं मीच ग्रामसभेत सांगितलं होतं आणि ठरावावर त्यांचे अंगठे घेतले होते. टेकडी राखायला गावातलीच एक समिती नेमली होती.

"चार पावसाळे झाले," ती म्हणाली. "फाटकाला कुलूप आहे. आत समितीच्या अध्यक्षाची माणसं फळं उतरवतात. आमच्याच टेकडीचा माल मी बाजारातून विकत घेऊन इथे बसते. शिकलेली ना तू? शरम नाही?"

माणसं थांबून बघायला लागली. मला तिचाच राग आला. कुलूप काय मी लावलं होतं? ओढणी हिसकून मी घरी आले आणि नवऱ्यापुढे तणतणत राहिले. त्याने एवढंच विचारलं, "तू परत कधी गेली होतीस तिथे?"

गेलेच नव्हते. 'महिलांना फळांचे हक्क मिळाले' हे अहवालातलं वाक्य मात्र माझं होतं. ठरावावरून लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर आमच्या संस्थेचे प्रमुख, पुण्याचे; आवाज कधी चढवत नाहीत.

"टेकडी हिरवी झाली ना? विहिरींना पाणी आलं ना?"

"फळं मिळाली नाहीत, सर. आपला अहवाल खोटा आहे."

"एका फेरीवालीसाठी आता तो बदलायचा?"

"स्वतःचीच फळं विकत घेऊन विकायची वेळ तिच्यावर आपल्यामुळे आली."

"मग राजीनामा द्या आणि बसा तिच्या शेजारी."

राजीनामा द्यायची हिंमत माझ्यात नव्हती. फाइलमधल्या ठरावाची झेरॉक्स काढून मी तिला नेऊन दिली. शेजारच्या दुकानदाराने ती तिला तेलुगूत वाचून दाखवली. ऐकता ऐकता तिचा चेहरा आणखीच कठोर झाला. "हा कागद तेव्हाच का नाही दिलास?"

बायकांनी तो कागद ग्रामसभेत नेला. अध्यक्ष हसला, तेव्हा त्यांनी दगडाने कुलूप फोडलं. पोलीस आले. प्रकरण तहसीलदारांपर्यंत गेलं. त्यांनी ठरावावरचा शिक्का पाहिला आणि अध्यक्षाची माणसं टेकडीवरून उतरली.

पुढच्या हंगामात सरांनीच मला तिकडे पाठवलं. नव्या अहवालासाठी टोपल्या घेतलेल्या, हसऱ्या बायकांचा फोटो हवा होता. ती फाटकाशीच आडवी उभी राहिली.

"बाहेरच थांब. बाकीच्यांना विचारते."

मी उन्हात उभी राहिले. वर त्या बराच वेळ बोलत होत्या. मग ती अर्ध्या वाटेवर उतरून आली आणि हाताने 'जा' म्हणाली. पाणीही विचारलं नाही.

"फोटो?" सरांनी विचारलं.

"नाही म्हणाल्या."

"त्या की तुम्ही?"

"त्याच म्हणाल्या. आणि मला पटलं."

त्यानंतर सर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांच्या केबिनमध्ये मीही खुर्चीवर बसत नाही.