बिनरिंगचा ससाणा

नीउ-व्हेनेप या डच गावातलं कुठलंही मराठी घर सुट्टीला भारतात निघालं, की तुळशीची कुंडी, घराची किल्ली आणि असलेच तर मासेसुद्धा नीळकंठकडे येऊन पडत. "सांभाळशील ना?" एवढं विचारलं की हा गडी विरघळलाच. त्याची बायको पद्मजा म्हणायची, "आपली धर्मशाळा आहे, फक्त पाटी लावायची राहिलीये."

त्यामुळे शहरात, स्लोटरडाइकच्या आपल्या ऑफिसखाली, सायकली लावतात तिथे, उंच इमारतीवरच्या घरट्यातून पडलेलं बहिरी ससाण्याचं पिल्लू दिसल्यावर त्याने ते जॅकेटात गुंडाळून घरी आणलं, यात नवल नव्हतं. कुणाला कळवायला हवं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. ज्याने जन्मात कधी अंडं फोडलं नव्हतं, तो हा शहाणा मागच्या शेडमध्ये बसून पिल्लाला कोंबडीचा खिमा भरवू लागला. पद्मजाची अट एकच होती, शेडमधली सुरी स्वयंपाकघरात येता कामा नये. नीळकंठची चाहूल लागली की पिल्लू चोच वासून ओरडायचं, आणि हा बापासारखा खुलायचा.

पिल्लाला पंख फुटले, शेड अपुरी पडू लागली. याला शिकार कोणीतरी शिकवावी आणि मग सोडून द्यावं, म्हणून नीळकंठने हार्मला बोलावलं. हार्मकडे ससाणे पाळून शिकार करण्याचा परवाना होता. त्याने आधी पक्ष्याचा पायच पाहिला.

"रिंग कुठेय?" हार्मने विचारलं. "पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाच्या पायात लहानपणीच बिनजोडाची रिंग सरकवतात. पाय वाढला की ती घालता येत नाही. ती असेल तरच आम्हाला पक्षी ठेवता येतो. रानातला धरायचा नाही, ठेवायचाही नाही, मग परवाना असो वा नसो. सापडला तर लगेच वन्य प्राण्यांच्या केंद्रात द्यायचा."

"कासार बांगड्या चढवतो तशी साबण लावून नाही का चढणार?" पद्मजाने विचारलं.

"चोर तसलेच उद्योग करतात," हार्म म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी नवरा-बायको पक्षी घेऊन त्या केंद्रात गेले. पद्मजा गाडीतच थांबली. आत मरायके नावाच्या बाईंनी विचारलं, "इतके दिवस काय केलंत याचं?" नीळकंठला 'सांभाळला' म्हणायचं होतं. डचमध्ये काळजी घेण्याला एक शब्द आहे आणि ताब्यात ठेवण्याला दुसरा. मराठी डोक्यात दोन्हींना मिळून एकच. त्याने अभिमानाने दुसरा सांगितला.

बाईंचा चेहरा उतरला. मग नीळकंठची धांदल बघून त्या नरमल्या. "शब्दाचं राहू दे, पक्षी काय म्हणतो ते बघू. माणसाला घाबरत असेल तर शिकवून सोडता येईल. पण माणसालाच आई समजत असेल तर सोडता येत नाही. रिंग नाही, म्हणून कुणाला देताही येत नाही. मग एक इंजेक्शन, एवढंच उरतं. तुम्ही पडद्यामागे उभे राहा, आणि आवाज करू नका."

मरायकेबाई ससाण्याच्या पिंजऱ्यात शिरल्या. ससाणा उडाला, जाळीवर आदळला, पुन्हा आदळला. "घाबरतोय," त्या हळूच म्हणाल्या. "चांगलं लक्षण आहे."

नीळकंठला हे कळत होतं. पण पंख जाळीवर आपटल्याचा आवाज त्याला सोसवेना. तिसऱ्यांदा ससाणा आपटला आणि याच्या तोंडून निघून गेलं, "असू दे रे बाळा, मी आहे ना."

फडफड थांबली. ससाण्याने पडद्याकडे मान वळवली, चोच वासली, आणि शेडमध्ये ओरडायचा तसा ओरडू लागला.

मरायकेबाई पिंजऱ्यातून बाहेर आल्या. "तुम्ही बोलला नसतात तरी आम्हाला कळलंच असतं," त्या म्हणाल्या. हे खरं होतं की नुसती समजूत घालणं, ते विचारण्याचं धैर्य नीळकंठला झालं नाही. आपल्याच हाताने आपण त्याला मारलं, एवढंच त्याला कळलं.

बाहेर पद्मजाने गाडीची काच खाली केली. "काय म्हणाले?"

"सांभाळतील म्हणाले."

"मग हे देऊन ये ना. प्रवासाने भूक लागली असेल त्याला." तिने पिशवीतून डबा काढला. त्यात खिमा होता. "आज मीच चिरलाय, आपल्या स्वयंपाकघरातल्या सुरीने."

नीळकंठ डबा हातात धरून तिथेच उभा राहिला. आतून हाका अजून येत होत्या.