छत्रीचं तोंड दक्षिणेला

चौदा वर्षांत माझ्या सासूबाई माझ्याशी थेट एकच वाक्य बोलल्या आहेत. ते मी शेवटी सांगेन. सुरुवातीलाच सांगायची हिंमत होत नाही.

भांडण-बिंडण काही नाही हो! रीत आहे. लाखांदूर तालुक्यात दिघोरीला माझी सासुरवाडी. तिथल्या जुन्या बायका जावयासमोर डोक्यावर पदर घेतात आणि जे काय बोलायचं ते लेकीमार्फत बोलतात. मी समोर पाटावर बसलेला असतो, तरी सासूबाई माझ्या बायकोला म्हणणार, "सुनंदा, जवाई भात घेतात का, इचार." मग सुनंदा मला विचारणार, मी सुनंदाला सांगणार, सुनंदा आईला सांगणार. तोवर भात निवतो. दुसरी रीत अशी, की सासुरवाडीत जावयाला कोणी 'तुमचं चुकतंय' असं म्हणत नाही. ही रीत मला फार आवडायची. (भूतकाळ लक्षात घ्या!)

भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे, पण माझं मन मशिनींत. म्हणून मी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, मागच्या सीटा उपटून फेकल्या, दोन बाकडी, गॅसची शेगडी, बॅटरी, इन्व्हर्टर आणि टीव्ही बसवला आणि तिला 'फिरतं घर' असं नाव दिलं. सुनंदा तिला 'फिरतं भंगार' म्हणते. पण ती बायको आहे, तिला रीत लागू नाही.

आता मामाजींचं सांगतो. मामाजी म्हणजे माझे सासरे, उभा जन्म धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गेलेला माणूस. उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, नागपूरला नेऊन स्प्रिंग बसवावी लागली. डॉक्टरांनी बजावलं: गर्दी नको, दगदग नको, टेन्शन तर मुळीच नको. आणि धान कापणीला आला तेव्हा टीव्हीवाले थेट त्यांच्या बांधीत येऊन, त्यांनी जपलेल्या जुन्या धानाच्या वाणावर मुलाखत घेऊन गेले. शुक्रवारी संध्याकाळी सहाला दाखवणार होते. मामाजींनी गावात सांगितलं. गावानं पाहुण्यांना सांगितलं. शुक्रवारी निम्मी दिघोरी त्यांच्या घरात येऊन बसणार, हे नक्की झालं.

"एवढी गर्दी बाबाले झेपन का?" सुनंदाला धास्ती.

"मी आहे ना!" मी म्हणालो. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडी या तीन शब्दांनी सुरू होतात.) "मामाजींना फिरत्या घरात बसवू, तलावाच्या पाळीवर, बांधावर नेऊ. शांत हवा, जंगल, पाखरं! तिथंच टीव्ही लावतो, तिथंच सगळे पाहू."

"तिकडं मोबाईलची रेंजही नाही भाऊजी," माझा साळा शेषराव म्हणाला. "टीव्ही कसा लागन?"

"रेंजचा काय संबंध? डिशची छत्री लावतो ना मी!"

शेषराव लगेच म्हणाला, "बराबर आहे भाऊजी." रीत!

सुनंदा म्हणाली, "नाही लागला तं मंग घरी आल्यावर मोबाईलवर पाहता येते, बाबा."

यावर मामाजी जे उसळले! "मोबाईलवर तं कोणीही येते! त्या गणपतच्या बैलाचाही व्हिडिओ आहे मोबाईलवर! सारं गाव ज्या टायमाले पाहीन, त्याच टायमाले मले पाहाचं आहे. उद्या पारावर लोकं म्हणतीन, कसा दिसला गा तू? तं मी काय सांगू? मी पाह्यलाच नाही म्हणून?"

त्यांचा हात छातीवर गेला. त्या क्षणापासून टीव्ही लागणं ही माझ्या अब्रूची नाही, मामाजींच्या छातीची गोष्ट झाली.

शुक्रवारी दुपार कलल्यावर आम्ही पाळीवर पोचलो. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला साग, आणि मधे आमचं फिरतं घर. मामाजींना गाडीत उशी देऊन बसवलं. गॅसवर सासूबाईंचा विश्वास नाही, म्हणून गाडीच्या मागे तीन दगडांची चूल मांडून त्या वांग्याची भाजी करायला बसल्या. त्यांच्यापासून दोन हातांवर मी छत्री उभी केली. छत्रीला स्टँड लागतं. तयार स्टँड मिळतं, पण मी भांडीवाला! दुकानातला पाणी भरायचा पितळी गुंड, म्हणजे हंडा, आणला होता, त्यात वाळू भरली आणि मधोमध पाईप रोवला. गुंडाचं बूड गोल, त्यामुळे छत्री एका बोटानं फिरते. "पाहा, काय आयडिया आहे!" मी म्हणालो.

"बराबर आहे भाऊजी," शेषराव म्हणाला.

मोबाईलवर दिशा पाहून मी छत्रीचं तोंड दक्षिणेला केलं, जरा पूर्वेकडे झुकवलं. गाडीतून मामाजींचा आवाज आला, "आलं! आलं!" मी धावत आत गेलो. पडद्यावर एक बाई बातम्या सांगत होती. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, कौतुक ऐकायला. आणि बाई गेली. निळा पडदा. 'सिग्नल नाही.'

बाहेर येऊन पाहतो तर छत्रीचं तोंड सरळ पूर्वेला.

"वारा," मी म्हणालो. वारा नव्हता. सागाचं पानही हलत नव्हतं. पण जावई म्हणाला वारा, तर शेषराव म्हणाला, "लय वारा आहे भाऊजी." सासूबाई खाली मान घालून वांगी ढवळत होत्या.

छत्री पुन्हा दक्षिणेला. गुंडाला बाजूनं दगड लावले. आत आलो. चित्र आलं, मामाजींनी पाय पसरले, आणि चित्र गेलं. बाहेर येतो तर दगड बाजूला, छत्री पूर्वेला!

"शेषराव! तू हात लावला!"

"आईशप्पथ नाही भाऊजी!"

"मग वानरं असतील."

"असतीन. कुठीतरी असतीन." शेषराव बिचारा काठी घेऊन नसलेली वानरं हाकलायला झाडीत गेला.

साडेपाच वाजून गेले होते. गाडीतून मामाजींचा आवाज बारीक झाला होता. "जवाईबापू, होईन ना?" 'काहून होऊन नाही राहिलं' असं विचारत नव्हते. ते विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. थंडीच्या दिवसांत घाम! सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर टाळून इन्व्हर्टरकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा छत्री लावून मी आत गेल्यासारखं केलं आणि गाडीच्या आडोशाला लपलो. (वय बेचाळीस, पोट पुढे, आणि मी चाकाच्या मागे उकिडवा!) पाहतो तर काय? सासूबाईंनी पळी खाली ठेवली, पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि एका बोटानं छत्री गर्रकन पूर्वेकडे फिरवली. मग छत्रीलाच हात जोडले.

"सुनंदाऽऽ!" मी ओरडलो. "तुझ्या आईला विचार, हे काय चाललंय!"

सुनंदा धावत आली. सासूबाईंनी पदर पुढे ओढला, माझ्याकडे पाठ केली आणि लेकीला म्हणाल्या, "जवायाले सांग, दक्षिण यमाची दिशा आहे. यमाच्या दारातून वापस आणला मी माणूस. आता टीव्हीत त्याचं तोंड दक्षिणेकडून येऊ देऊ का मी? काही झालं तं?" बोलता बोलता त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"अजी, माय म्हणते..."

"ऐकलं मी! त्यांना सांग, सिग्नल तिकडूनच येतो!"

"माय, हे म्हणतात..."

"ऐकलं. त्याइले सांग, पूर्वेकडून आणा म्हणा!"

"पूर्वेकडून येत नाही म्हणावं!"

"माय, हे म्हणतात की पूर्वेकडून..."

तेवढ्यात शेषराव झाडीतून परत आला आणि चांगल्या मनानं त्यानं आगीत तेल ओतलं. "माय, कायले भेतं? आपल्या घरची छत्रीही दक्षिणेलेच आहे!"

सासूबाई थिजल्या. घरची छत्री स्लॅबवर, पाण्याच्या टाकीमागे. त्यांनी ती जन्मात पाहिली नव्हती. "कवापासून?"

"लावली तवापासून."

"तरीच!" सासूबाई खाली बसल्या. "तरीच यायच्या छातीत दुखलं! तरीच गाय आटली! शेषराव, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता घरची छत्री उतरवाची!"

"अवं माय, घरी सारं गाव बसलं आहे टीव्ही पाहाले!"

सहाला थोडाच वेळ उरला होता. एक बाई रडते आहे, एक माणूस गाडीची किल्ली शोधतो आहे, आणि मी दोन्ही हातांनी छत्री धरून उभा आहे. सोडली तर सासूबाई फिरवतील! एवढ्यात गाडीचं दार उघडून मामाजी स्वतः खाली उतरले. "बाबा, उतरू नका!" सुनंदा किंचाळली. मामाजी सरळ सासूबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"अवो, यम आला तं त्यालेही बसव माह्या बाजूले," ते म्हणाले. "तोही पाहीन धान कसा असते ते. पण मले पाहू दे वो! एवढं दुखणं काढून वाचलो, एक डाव सोताले पाहू दे."

सासूबाईंनी डोळे पुसले. मग लेकीला म्हणाल्या, "यायले सांग, तोंड पूर्वेकडं करून बसतीन तं हो म्हणते."

(नवऱ्याशी त्या थेट बोलत असत. पण आता सवयच लागली होती.)

धावपळ सुरू! मामाजी पूर्वेकडे तोंड करून बसतील असा टीव्ही फिरवला. छत्रीला हळद-कुंकू लागलं. मी घाईघाईत पाईप फिरवायला गेलो, जोर जास्त झाला, पाईप माझ्या हातात आला आणि गुंड कलंडला. पाळीचा उतार! पितळी गुंड ठणठण वाजत, वाळू सांडत, थेट तलावात. बुडबुड बुडबुड, आणि गेला.

"बराब..." शेषरावनं सवयीनं सुरुवात केली आणि स्वतःच तोंड दाबलं.

आता स्टँड म्हणजे मीच! छत्री छातीशी धरून मी दक्षिणेकडे तोंड केलं. "आणखी डावीकडं! आणखी! बस्स! जवाईबापू, हलू नका आता!" आतून एकच गिल्ला झाला. कार्यक्रमाचं संगीत ऐकू आलं, मग निवेदिका, आणि मग मामाजींचा आवाज, एकाच वेळी दोन ठिकाणांहून: टीव्हीतून धानाबद्दल, आणि बाकड्यावरून, "हा मी! हा मीच आहे!"

माझी पाठ गाडीकडे. मला दिसत होता फक्त तलाव, ज्याच्या तळाशी माझा गुंड. एक लाल मुंगी पायजम्यात शिरली. मी हललो नाही. ती गुडघ्यापर्यंत आली आणि चावली. मी डोळे मिटले, पण हललो नाही. आत सासूबाई हसत होत्या, सुनंदा टाळ्या वाजवत होती, आणि मला खरंच भरून आलं. खोटं कशाला सांगू?

मग निवेदिकेनं विचारलं, "आणि यंत्रांची कामं कोण बघतं?"

टीव्हीतले मामाजी म्हणाले, "मशिनीचं काम निघालं की माहे भंडाऱ्याचे जवाई धावून येतात. मशिनीतलं त्याइले..."

टीव्हीवर माझं नाव! म्हणजे नाव नाही, पण जावई! साऱ्या जिल्ह्यासमोर! मुंगीनं जे झालं नाही ते कौतुकानं झालं: मी वळलो. छत्रीही वळली. निळा पडदा. पुन्हा सिग्नल पकडेपर्यंत तिथं खताची जाहिरात लागली होती.

मामाजींची काही तक्रार नव्हती. पोटभर पाहिलं होतं त्यांनी स्वतःला. कपाळावरचा घाम गेला होता. "सदरा चांगला दिसला नाही का वो?" असं ते सासूबाईंना पुन्हा पुन्हा विचारत होते. अस्वस्थ होतो तो मी.

जेवायला बसल्यावर मी विचारलं, "मामाजी, पुढं काय म्हणालात हो माझ्याबद्दल? मशिनीतलं त्याइले... काय?"

मामाजी ताटातलं वांगं निरखू लागले. "आता ध्यानात नाही जवाईबापू. चांगलंच म्हणलो असन."

शेषराव तलावाकडे पाहू लागला. सुनंदा म्हणाली, "जेवा ना आता."

"नाही, पण काय म्हणालात? साऱ्या गावानं ऐकलं, मलाच नाही!"

तेव्हा सासूबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. पदर मागे सारला. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा, सरळ माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या,

"'मशिनीतलं त्याइले काहीच समजत नाही, पण जवाई आहेत, म्हणावं कसं?' असं म्हणले हे, मी तिथंच उभी होती."

दिवसभरात एवढा स्वच्छ सिग्नल मला एकदाही लागला नव्हता.