हसून झाल्यावर

नागपूरच्या इतवारीतला तो कल्हईवाला खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्यात, सोंगं वठवायचा. आमची भांडी नेहमी त्याच्याकडेच जायची, पण त्याचं नाव विचारायचं माझं राहूनच गेलं. काहीही विचारलं की तो डोळे मिटून म्हणायचा, "थांबा जी, इचार करून राहिलो," आणि खरंच करायचा. लोकांना त्याचंही हसू यायचं.

एकदा त्याने बालविधवेचं सोंग बसवलं. तिला शाळेत जायचं असतं आणि सासरा तिची पाटी लपवत गावभर धावतो. खेळाला मांडव देणारे शेठ माझ्यासमोर त्याला म्हणाले, "ते सोंग काढून टाक गा. लोक हसायले येतात."

त्याने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हसवतो ना जी. पण हसून झाल्यावर लोकाईनं इचारबी करावा. सोंग राहीन."

शेठनी मांडव दिला नाही. कल्हईवाल्याने भर उन्हात चौकात खेळ केला. माझे वडील पोट धरून हसले. मला हसू येईना. घरी माझी अकरा वर्षांची विधवा बहीण होती.

घरी परतल्यावर वडील जेवायला बसले आणि घास हातातच धरून बहिणीला म्हणाले, "शाळेत जाशीन का वं?"

ती म्हणाली, "उद्यापासून?"